एक ओळ आणि एक शनिवार : हाईम केहीमकर



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा. अर्थ आपल्या साध्या शब्दांत असा : या वाटेवर केलेली सुरुवात कधी फुकट जात नाही. ती मध्येच राहिली म्हणून उलटा दोषही लागत नाही. आणि या धर्माचं अगदी थोडं आचरण झालं तरी ते माणसाला मोठ्या भयातून सोडवतं.

या श्लोकातल्या 'थोडं' या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो. थोडं म्हणजे किती थोडं? सकाळी कॅबमध्ये बसल्या बसल्या म्हटलेला हरिपाठ मोजला जातो का? आजीने लावलेली सवय म्हणून संध्याकाळी दिवा लावतो, पण त्यामागचं शास्त्र काय ते माहीत नाही, हे चालतं का? अर्थ न कळता केलेलं कर्म म्हणजे नुसती यांत्रिक कृती, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मला वाटतं हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर देऊन सुटता येत नाही.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो. ती महाभारतातली नाही आणि संतचरित्रातलीही नाही. आपल्या कोकणातली आहे, मराठी घरातली आहे, आणि ते घर यहुदी आहे.

कोण होते हे

हाईम सॅम्युएल केहीमकर. जन्म १८३०. आडनाव किहीमवरून आलेलं. हो, अलिबागजवळचं तेच किहीम, जिथे आपण लाँग वीकेंडला जातो. बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं, या नावाने ओळखला जाणारा यहुदी समाज रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे जुन्या कुलाब्यातल्या, गावागावांत शतकानुशतकं राहत होता. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, तळकर ही सगळी त्यांची आडनावं. नावंसुद्धा आपल्या वळणावर गेलेली. सॅम्युएलचा सामाजी झाला, एझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. घरात बोलणं मराठी, बायका नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र, लग्नात हळद आणि मेंदी.

केहीमकरांनी या समाजासाठी शाळा काढली आणि समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. त्यांच्या लहानपणीचं गावाकडचं यहुदी जीवन कसं होतं, हे आज आपल्याला कळतं त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. म्हणून त्यांचं चरित्र सांगताना आधी ते जग सांगावं लागेल.

न केलेल्या कामावरून पडलेलं नाव

कोकणात हे लोक तेल गाळायचे. घरी लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, तीळ आणि खोबरं. काहींची शेती होती, काही सुतारकाम करत. पण ओळख तेल्याचीच. आणि गावाने त्यांना नाव दिलं ते शनवार तेली, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. हिंदू तेल्यांमध्ये सोमवारी बैल न जुंपणारे सोमवार तेली होते, तसे हे शनवार तेली. आपल्याकडे माणसाला नाव पडायचं ते करतो त्या कामावरून. यांना ते एका वारी न केलेल्या कामावरून पडलं.

अशा घरातल्या पोराचा आठवडा कसा असेल ते बघा. शुक्रवारी दुपारपासून आईची धावपळ. दुसऱ्या दिवशीचं जेवण आजच शिजवून ठेवायचं, कारण सूर्य मावळला की चूल पेटवायची नाही. शनिवारी घाणा गप्प. बैलही मोकळा. गावात बाकी सगळ्यांची कामं चालू, आणि आपल्याच अंगणात शांतता. का, असं पोराने विचारलं तर उत्तर काय मिळणार? आपल्यात नाही करत. एवढंच. आपल्या घरीही हेच उत्तर मिळायचं की नाही?

हिशोबाने बघितलं तर आठवड्यातला एक दिवस म्हणजे वर्षाचे ५२ दिवस. तेल विकून पोट भरणाऱ्या, हातावरच्या घराने दर सात दिवसांतल्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचं. त्या बदल्यात काही मिळेल याची खात्री नाही. कोणी बघायला नाही, कोणी शाबासकी द्यायला नाही. बरोबर की चूक ते सांगायला गावात धर्मगुरू नाही, आणि हे कुठे लिहिलंय ते दाखवायला घरात ग्रंथही नाही. निष्काम कर्माचं याहून साधं उदाहरण मला तरी सुचत नाही.

पुस्तक नसलेला धर्म

ग्रंथ का नव्हता, याची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा अशी. फार पूर्वी त्यांचे पूर्वज गलबतातून येत असताना कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ, गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावला पुरलं, पुरुषांना एकीकडे आणि बायकांना दुसरीकडे. ती जागा आजही तिथे आहे आणि बेने इस्रायल लोक तिथे श्रद्धेने जातात. सामानाबरोबर धर्मग्रंथ समुद्रात गेले. हळूहळू हिब्रू भाषा गेली. प्रार्थना गेल्या. उरली ती एक ओळ.

त्या ओळीला शेमा म्हणतात. देव एकच आहे, एवढं सांगणारी ती ओळ. बाळ जन्मलं की तीच, लग्नात तीच, माणूस गेला की तीच. दुसरं काही येतच नव्हतं. १७३८ साली दक्षिणेतल्या एका युरोपीय मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा लोकांचा उल्लेख आहे, ज्यांच्याकडे बायबल नाही आणि ज्यांना शेमाखेरीज काही येत नाही. म्हणजे ही नुसती घरगुती आख्यायिका नाही. बाहेरच्या माणसालाही तेच दिसलं होतं.

एक ओळ, एक वार. शिवाय आठव्या दिवशी मुलाची सुंता, आणि खाण्याचे काही नियम. यांतला एक नियम माशांचा. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खायचा. कोकणात राहून हे पाळणं म्हणजे बघा. कोलंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत.

याच नियमाची एक गोष्ट त्यांच्यात सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. त्याचा काळ कोणता यावर एकमत नाही. काही जण हजारेक वर्षांपूर्वीचा म्हणतात, काहींना तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला वाटतो. शनिवारी काम बंद ठेवणारे हे तेली बघून त्याला शंका आली. खात्री करायला त्याने बायकांकडे मिसळीचे मासे आणून दिले आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी पर-खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे परत केले, हे आम्ही खात नाही म्हणून. राहाबीला आपली माणसं सापडली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तिघे निवडून त्यांना प्रार्थना आणि विधी शिकवले. त्यांना लोक काजी म्हणू लागले.

परीक्षा घेतली गेली ती चुलीपुढे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बायकांना कोणी वेद किंवा तोरा शिकवला नाही, अक्षरओळखही नसेल, त्यांच्या हातांना धर्म ठाऊक होता.

सणांची मराठी नावं

केहीमकरांच्या लहानपणी घरोघरी जे सण होते त्यांची नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण, ज्यात खीर करून धूप जाळायचा. दारफाळणीचा सण, म्हणजे दिवसभर दारं लावून घरात उपवास करायचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा एकमेकांकडे जायचं आणि गरिबांना दान द्यायचं. होळीच्या सुमारास येणारा होळीचा सण. बिरड्याचा सण, त्या दिवशी मांसमच्छी नाही, वालाचं बिरडं. आणि अणशी ढाकायचा सण, म्हणजे आंबट पाण्याचं मातीचं भांडं काही दिवस झाकून ठेवायचा सण.

आता गंमत बघा. जगभरचे यहुदी वल्हांडण सणाला आंबवलेलं खात नाहीत, कारण इजिप्तच्या गुलामीतून निघताना पूर्वजांना पीठ आंबायलाही वेळ मिळाला नव्हता. कोकणातल्या घरात एवढंच शिल्लक होतं की या दिवसांत आंबवणाचं भांडं झाकायचं. मोशेची सगळी कथा पुसट झाली, भांड्यावरचं झाकण राहिलं. बिरड्याच्या सणाचंही तसंच. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा तो दिवस. ते मंदिर कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी ताटात मांस वाढायचं नाही हे प्रत्येक आजीला माहीत होतं.

त्यांची धर्मातली भाषाही शेजाऱ्यांकडून आलेली. प्रार्थनेला निमाज, उपवासाला रोजा, पुरोहिताला काजी, प्रार्थनाघराला मशीद. नवस मात्र एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला. नवस फेडायचा तो मलिद्याने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड आणि वर फळं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे असं ते मानतात, आणि आजही तिथे नवस बोलतात. आपल्या कुलदैवताच्या डोंगरावरचे घोड्याच्या टापांचे ठसे आठवले ना?

मग पुस्तकं आली

हाईमचा जन्म झाला तो काळ मोठ्या बदलाचा. मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनाघर उभं राहिलं होतं १७९६ मध्ये. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले, सुटले, आणि सुटलो तर देवाचं घर बांधीन हा नवस त्यांनी मांडवीत फेडला, असं सांगतात. त्या भागातला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

१८२६ च्या सुमारास कोचीनहून यहुदी शिक्षक आले आणि हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. त्याच काळात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे, तेच. त्यांनी बेने इस्रायल मुलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. बायबलचे भाग मराठीत छापून आले. ज्या समाजाने आपला ग्रंथ समुद्रात गमावला, त्याला तो मराठीत परत मिळाला.

पण देणाऱ्याचा हेतू उघड होता. मिशनऱ्यांना वाटत होतं की शास्त्र हातात पडलं की हे लोक ख्रिस्ती होतील. फारच थोडे झाले. बाकीच्यांनी काय केलं? मराठी बायबल उघडलं, त्यात शनिवारची आज्ञा वाचली, माशांचे नियम वाचले, वल्हांडणाची कथा वाचली, आणि त्यांना कळलं की हे तर आपल्याच घरातलं आहे. क्षणभर स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा. आजी जे भांडं झाकत आली त्याचं कारण हजारो वर्षं जुन्या पुस्तकात छापलेलं सापडतं! तिने भांडं झाकणं सोडलं असतं तर ते पान वाचून नातवाला काहीच वाटलं नसतं.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. भाषांतर करणारे दोघे तळकर, छापणारे विठ्ठल सखाराम अग्निहोत्री. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात. आणि १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायल मंडळींनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली. आख्यान मोशेचं, ढंग आपल्या कीर्तनकारांचा.

भिंत

आता कडू भाग. एकोणिसाव्या शतकात बगदादकडून श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत आले. त्यांच्याकडे ग्रंथ होते, हिब्रू होती, धर्मपंडितांची परंपरा होती. त्यांतल्या अनेकांना हे मराठी बोलणारे, सावळे, घाण्यावरचे लोक खरे यहुदी वाटेनात. १८३६ मध्ये मुंबईच्या यहुदी दफनभूमीत मध्ये भिंत घालून आमची जागा वेगळी करा, असा अर्ज सरकारकडे गेला. हाईम तेव्हा सहा वर्षांचा होता. म्हणजे ज्या पिढीला आपला धर्म पुस्तकात सापडला, त्याच पिढीला तो तुमचा नाहीच, असंही ऐकावं लागलं.

पुण्यात या दोन्ही प्रवाहांच्या खुणा आहेत. कॅम्पातलं लाल देऊळ, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं, ते बगदादी ससून घराण्याचं. आणि रास्ता पेठेतलं छोटं सुक्कथ शेलोमो, १९२१ चं, ते बेने इस्रायलांचं. मी वाघोलीत राहतो. नगर रोडने शहरात गेलं की दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत पाहून होतात, इतकी ती जवळ आहेत.

अपमान झाला की माणूस दोनपैकी एक करतो. एक तर आपलं जुनं सगळं लपवून समोरच्यासारखा व्हायला बघतो, नाहीतर आम्ही आहोत तेच बरोबर म्हणून दार लावून घेतो. केहीमकरांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी शाळा काढली.

शाळा आणि वही

१८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी ही शाळा सुरू झाली. ती उभी करण्यात केहीमकर पुढे होते. लौकिक शिक्षणाबरोबर हिब्रूही शिकवायची, म्हणजे मुलाला पोटासाठी विद्या मिळेल आणि शेमा म्हणताना त्या ओळीचा अर्थही कळेल. लंडनच्या यहुदी संस्थेकडून मदत मिळवली. ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि माझगावला आजही चालू आहे. बेने इस्रायल मुलं आता तिथे जवळजवळ नाहीत. शिकणारी बहुतेक मुलं आसपासच्या मुसलमान वस्तीतली आहेत. एका समाजाने स्वतःच्या गरजेतून लावलेलं झाड दुसऱ्याच्या मुलांना सावली देतंय.

दुसरं काम त्यांनी केलं ते लिहिण्याचं. गावोगावचे सण, त्यांची नावं, लग्नातले विधी, नवस, खाण्याचे नियम, आडनावं, कोण कुठे काजी होतं, हे सगळं त्यांनी नोंदवून ठेवलं. जे जग त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं. कोचीनच्या आणि बगदादच्या रीती शिकून समाज पुढे चालला होता, ते त्यांना हवंच होतं. पण अणशी ढाकायच्या सणाला आता सगळे पेसाह म्हणणार, आणि जुनं नाव पुसलं जाणार, हेही त्यांना दिसत असावं.

आणि त्यांनी या नोंदींतून एक युक्तिवाद उभा केला, जो मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. यहुद्यांचा हनुक्का नावाचा दिव्यांचा सण आहे. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, १६५ च्या सुमारास सुरू झाला. कोकणात त्याचा पत्ताच नव्हता. मग केहीमकर म्हणाले की आमचे पूर्वज तो सण सुरू होण्याआधीच निघालेले असणार, साधारण इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास, गालील प्रांतातून. आपण दोन कोडबेस बघतो आणि एकात कुठलं फीचर नाही यावरून ती शाखा कधी फुटली ते ओळखतो, तसाच हा विचार. नंतरच्या अभ्यासकांना ही तारीख पटतेच असं नाही, आणि सण विसरलाही जाऊ शकतो. पण बघा, जे आपल्याकडे नाही म्हणून लोक हिणवत होते, त्याच उणिवेला त्यांनी पुरावा केलं. लाजायच्या जागी विचार केला.

हे पुस्तक त्यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत पूर्ण केलं. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते, आणि मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं. पुस्तक छापलं गेलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहीमकर गेले. हस्तलिखित तसंच राहिलं. पुढे १९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवांगर नावाचे यहुदी विद्वान भारतात आले, त्यांनी ते संपादित केलं, आणि १९३७ मध्ये तेल अवीवला ते पुस्तक छापून निघालं. लिहून झाल्यावर चाळीस वर्षांनी. ज्याने लिहिलं त्याने ते छापलेलं पाहिलंच नाही.

केलेली सुरुवात फुकट जात नाही, असं श्लोक सांगतो. पण फळ आपल्याच हयातीत मिळेल, असं तो कुठेच सांगत नाही.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथेही तोच जुना प्रश्न पुढे आला, की हे लग्नासाठी पुरेसे यहुदी आहेत का? लोकांनी आंदोलनं केली, धरणी धरली, आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. तिथून मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही निघू लागलं. महाराष्ट्रात हा समाज आता थोडा उरलाय, ठाणे, मुंबई, पुणे आणि रायगडात. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पुन्हा श्लोकाकडे

तर थोडं म्हणजे किती? या लोकांकडे बघून मला वाटतं, एक ओळ आणि एक वार पुरतो. पण दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली. गीतेत या श्लोकानंतर लगेच दोन-तीन श्लोकांत भगवान कर्मकांडाच्या गोड गोड बोलण्यात रमणाऱ्यांवर टीका करतात. मग आपण आजीच्या झाकलेल्या भांड्याचं कौतुक कसं करायचं? फरक मला असा दिसतो. टीका आहे ती फळाच्या मोहाने केलेल्या कर्मावर. हे केलं की स्वर्ग, ते केलं की ऐश्वर्य. शनवार तेल्याने शनिवार पाळला तो कशासाठी? त्यात मिळकत शून्य, नुकसान रोकडं. ज्या कर्मातून काही मिळत नाही आणि तरी ते आपलं म्हणून केलं जातं, ते नकळत निष्काम होतं. शास्त्र न वाचताही.

दुसरी. केहीमकर एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्यात असं करतात, एवढ्या उत्तरावर पुढची पिढी जगणार नाही हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी मुलांच्या हातात अर्थ दिला. नुसता आचार टिकला असता तर मिशनऱ्याच्या पहिल्या प्रश्नालाच तो डळमळला असता. आणि आचार आधीच सुटला असता तर अर्थ नुसता अभ्यासाचा विषय झाला असता. आईने कृती सांभाळली, मुलाने अक्षर मिळवलं. ज्ञान आणि कर्म यांचं भांडण आपण पुष्कळ वाचतो. या घरात ती आई आणि मुलगा होती.

म्हणून अर्थ कळत नाही म्हणून थांबू नका, आणि करतोय ना म्हणून अर्थ शोधायचंही सोडू नका. क्रम कोणताही चालेल. आपल्यातल्या बऱ्याच जणांची गावं सुटली आहेत. सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर कुलाचार सगळे होत नाहीत, आणि त्याची टोचणी असते. टोचणी ठेवू नका. एक ठेवा. पण ठेवा ते शनिवारसारखं ठेवा, कमाई बुडाली तरी न मोडणारं.

आजच्यासाठी

आज घरी फोन करा. आई, आजी, मावशी, जी कोणी असेल तिला विचारा की आपल्या घरात असं काय आहे जे नेहमी करतात आणि का ते कुणाला ठाऊक नाही. नैवेद्याचं एखादं पान असेल, एखाद्या वारी न करायची भाजी असेल, उंबऱ्यावरचं काही असेल. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. सणाचं घरचं नाव वेगळं असेल तर तेच लिहा, पंचांगातलं नको. मग त्यातली एक गोष्ट निवडा आणि या आठवड्यापासून करायला लागा. अर्थ सापडेल तेव्हा सापडेल.

उद्या एकेचाळिसावा श्लोक, एकाग्र बुद्धीचा.

राम कृष्ण हरी.